पाचपैकी तीन

"मनोऱ्याचं सारेच पुसतात जी. नोकरीचं कोणी पुसत नाही."

मायक्रोवेव्हसमोरच्या रांगेत उभं राहून, डब्याचं झाकण अंगठ्याने टकटक वाजवत ते हे म्हणायचे. समोर कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. एकदा एका सहाफुटी गोऱ्या सिक्युरिटी गार्डला त्यांनी हे चक्क मराठीत ऐकवलं. तो बिचारा "यू बेट" म्हणून कॉफी घेऊन निघून गेला.

आम्ही मराठी मंडळी त्यांना भाऊ म्हणायचो. मूळचे अमरावतीचे, तत्त्वज्ञानात एम. ए. केलेले. मग घरच्यांनी कॉम्प्युटरच्या कोर्सला बसवलं, आणि फिरत फिरत नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलच्या आमच्या ऑफिसात येऊन पोचले. वय बावन्न. मी पुण्याची, त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि कागदावर त्यांची टीम लीड. आमचं काम विम्याच्या क्लेम्सचं सॉफ्टवेअर तपासायचं. लोकांचे अपघात, आजारपणं, जळलेली स्वयंपाकघरं यांच्या फायली त्या सॉफ्टवेअरमधून नीट सरकतात की नाही हे पाहायचं आणि वर कळवायचं. या कामावर कोणाचं प्रेम बसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता तो मनोरा कुठला, ते सांगते. चार-साडेचारशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एक मोठा तत्त्वज्ञ लेखक होऊन गेला. नोकरी सोडून तो स्वतःच्या मनोऱ्यात जाऊन बसला आणि त्याने स्वतःलाच तपासत एक थोर पुस्तक लिहिलं. शिकलेल्या जगाला त्याचं नाव माहीत आहे. भाऊ मात्र ते नाव कधी घ्यायचे नाहीत, "आमचा मॅजिस्ट्रेट" म्हणायचे, म्हणून मीही तसंच म्हणते. कारण मनोऱ्यात जाण्याआधी हा माणूस कोर्टात नोकरीला होता. एकविसाव्या वर्षी चिकटला तो सदतिसाव्या वर्षी सुटला. त्या नोकरीच्या वर्षांवर भाऊंना पुस्तक लिहायचं होतं, मराठीत.

नवा मुलगा टीममध्ये आला की भाऊ पहिल्यांदा त्याचं वय विचारायचे. त्याने चोवीस सांगितलं की यांचा चेहरा उजळायचा.

"चोवीस? अरे वा! चोविसाव्या वर्षी आमचा मॅजिस्ट्रेट बोर्डोच्या कोर्टात बसत होता. मोठं काम नव्हते देत त्याले. दुसऱ्याच्या केसचे गठ्ठे वाचायचे अन् वरच्या साहेबासाठी सारांश काढायचा. तुम्ही काय करून राहिले इथं? तेच ना?"

मुलगा माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचे, "हो, तेच."

ते बग रिपोर्टही मॅजिस्ट्रेटसारखे लिहायचे. बाकीचे टेस्टर लिहितात, बटण दाबलं, स्क्रीन गेली, दुरुस्त करा. भाऊ लिहायचे, "स्क्रीन गेली हे खरं. परंतु बटण मी जरा घाईने दाबलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही." डेव्हलपर पोरं त्याची प्रिंट काढून भिंतीवर लावायची. पण एक सांगते, भाऊंनी दाखवलेला दोष कधी खोटा निघाला नाही. भांडण न करता डेव्हलपर ज्याचा शब्द मानतात असा टेस्टर मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला.

कधी रविवारी त्यांच्याकडे जाणं व्हायचं. वहिनी सांबारवडी करायच्या. कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला तिथेच कळलं. वहिनी अमरावतीला शाळेत गणित शिकवायच्या. इकडे आल्यावर त्यांच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती आणि पुढे परवानगी मिळाली तेव्हा बाईंचा उत्साह आटला होता. बोलायच्या कमी. लेक गार्गी सहा वर्षांची असताना आलेली, तेव्हा एकोणीस वर्षांची, स्टेट युनिव्हर्सिटीत बायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. घरचं मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत.

जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग भाऊंच्या वह्यांनी व्यापलेला. दोनशेपानी वह्या, निळ्या शाईत, रेघेवर बसलेलं अक्षर. या कामासाठी चाळिशीनंतर हा माणूस स्वतःच्या स्वतः फ्रेंच शिकला होता.

"बाबा, ही वॉज जस्ट अ बोअरिंग क्लर्क देन," गार्गी म्हणायची.

"बरोब्बर!" भाऊ टेबलावर हात मारायचे. "तेच लिहून राहिलो ना बेटा! सोळा वर्षं बोअर झाला तो. बढती मागितली, तर नातेवाईक त्याच कचेरीत आहेत म्हणून नाही म्हणाले. त्याचा जिवाचा दोस्त गेला, त्याच नोकरीतला. बाप गेला. अन् हे सारं होत असताना हा रोज जाऊन फायली वाचते. मनोऱ्यात गेल्यावर कोणीही शहाणा होईल. फायली वाचता वाचता कसा झाला, ते सांगा."

"मग पुस्तक संपतं कुठे?" मी विचारलं होतं.

"ज्या दिवशी तो राजीनामा देते, त्या दिवशी संपते. माझंही तसंच. ग्रीन कार्ड येऊ द्या, मीही सोडतो."

इथे राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, पण तुमच्यातले काही भारतातून वाचत असतील. भाऊ बारा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे होते. ते येईपर्यंत या देशात राहण्याचा आधार एकच, नोकरी. नोकरी गेली तर साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी मिळाली तर ठीक, नाहीतर बिऱ्हाड उचलायचं. वहिनींचा आणि गार्गीचा व्हिसाही त्यांच्याच व्हिसाला बांधलेला. म्हणजे गार्गीचं कॉलेज, भाऊंची रांग आणि ते पुस्तक, सगळं एका माणसाच्या नोकरीवर उभं होतं. आणि ती नोकरी वर्षातून एकदा टीम लीडच्या हातात यायची, त्या वर्षी माझ्या. तेव्हा मला तसं वाटत नव्हतं, हे माझं नशीब म्हणा किंवा नालायकपणा म्हणा.

दर नोव्हेंबरात आमच्याकडे वर्षाच्या कामाचे फॉर्म भरतात. आधी प्रत्येकाने स्वतःबद्दल लिहायचं, स्वतःला पाचपैकी मार्क द्यायचे. मग लीडने वाचून आपले मार्क द्यायचे आणि "सहमत" किंवा "पुन्हा लिहा" यांतलं एक बटण दाबायचं. इतकी वर्षं आमचा आधीचा लीड सगळ्यांचे फॉर्म स्वतःच भरून टाकायचा. त्या वर्षी पहिल्यांदा मी लीड होते, आणि मी म्हटलं, ज्याचं त्याने मनापासून लिहा.

भाऊंनी मनापासून लिहिलं. "सुधारणेला वाव" या चौकोनात लोक एक ओळ खरडतात. त्यांनी पानभर लिहिलं होतं, इंग्रजीत. मला ते जवळजवळ पाठ आहे. मी काम सावकाश करतो. दुपारी तीननंतर माझं लक्ष कमी होतं. मीटिंगमध्ये मी पुष्कळदा ऐकत असल्याचा आव आणतो. मार्चमध्ये एक दोष माझ्या नजरेतून सुटला, तो एका ज्युनियर मुलीने पकडला, आणि मला आनंद होण्याऐवजी थोडा राग आला. खाली स्वतःला मार्क दिले होते, तीन.

आधी मी हसले. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. ऑफिसच्या कागदावर इतकं खरं मी कधी वाचलं नव्हतं. उठून त्यांच्या टेबलाशी गेले.

"भाऊ, हे असंच पाठवायचं का खरंच?"

"काऊन? चुकलं काय काही?"

"चुकलं नाही हो. पण असं कोणी लिहीत नाही."

"आता प्रश्न त्यांनीच पुसला ना बाप्पा. मग उत्तर नको द्यायचं?"

तेव्हाच त्यांना धरून बसवायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम होतं. पण मला काय झालं ते सांगते, खोटं कशाला बोलू. मला ते आवडलं. माझे वडील शाळेत मराठी शिकवायचे. मराठीच्या पेपरात पैकीच्या पैकी द्यायचे नसतात, यावर त्यांची श्रद्धा होती. निबंधाला दहापैकी सहा दिले की मुलगा घरी पेढे वाटायचा. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, या हिशेबात मी वाढले. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के. भाऊंनी स्वतःला फर्स्ट क्लास दिला होता, आणि तो योग्य होता असं मला वाटलं. मीही तीन दिले आणि "सहमत" दाबलं.

आणि मला कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. शेजारच्या टीमचा लीड, मुंबईचा, माझ्या खुर्चीमागून जाताना त्याने स्क्रीन पाहिली.

"तीन? वेडी आहेस का? इथे तीन म्हणजे नापास. डोळे मिटून पाच टाक यार, सगळे तेच करतात."

"आमच्याकडे खरे मार्क देतात," मी म्हटलं.

"तुमच्याकडे म्हणजे पुण्यात ना? चालू दे मग."

काय ताठ होते मी त्या दिवशी! घरी जाऊन नवऱ्याला फुशारकीने सांगितलंसुद्धा.

फेब्रुवारीत कंपनीने माणसं कमी केली. आमची मॅनेजर टेक्सासची, मुळात भली बाई. तिने मला बोलावून सांगितलं की तुझ्या टीममधला एक जाणार, आणि भाऊंचं नाव घेतलं. मी उडालेच. म्हटलं, तो माझा सर्वांत चांगला टेस्टर आहे, हवं तर डेव्हलपरना विचार. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. यादी मार्कांच्या क्रमाने लावलेली होती. पाच, पाच, चार, चार, आणि तळाशी एकटे तीन. शेजारी भाऊंचं ते पानभर निवेदन उघडलेलं.

"त्याने स्वतःच हे लिहिलंय," ती म्हणाली. "आणि तू सहमत आहेस."

मी बडबड केली, आमच्याकडे मार्क कसे देतात ते सांगितलं, साठ टक्क्यांचं सांगितलं. ती सहानुभूतीने मान हलवत राहिली. यादी वर गेली होती.

भाऊंना मी काहीच सांगितलं नाही. ते समजले की पगार जास्त, वय जास्त, म्हणून गेले. पँट्रीतली आपली बाटली घ्यायला आले तेव्हा मला म्हणाले, "आमच्या मॅजिस्ट्रेटने राजीनामा दिला होता. मला तर काढलं. आता पुस्तकात हे कुठं बसवू, सांगा." आणि हसले. मला रडू आलं, तर त्यांनीच मला पाणी दिलं.

मग साठ दिवस सुरू झाले. मी शिफारसपत्र लिहून दिलं, अगदी भरभरून. दुसऱ्या दिवशी परत आलं, तांबड्या पेनाने खुणा करून. "पॅशनेट काऊन लिहिलं? क्लेम्सच्या सॉफ्टवेअरबद्दल? लोक हसतील ना जी." मी त्यांना न विचारता मूळचंच पाठवलं.

इंटरव्ह्यू मिळाले पाच-सहा. प्रत्येक ठिकाणी तो ठरलेला प्रश्न, तुमची सर्वांत मोठी उणीव कोणती? आणि हा माणूस सांगायचा! क्रमवार सांगायचा! मी हात जोडले. म्हटलं, भाऊ, "मी गरजेपेक्षा जास्त काम करतो" एवढंच म्हणा.

"पण मी नाही ना करत तसं."

"गार्गीसाठी म्हणा."

त्यानंतरच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले, तर गार्गी स्वयंपाकघरात बापाची तालीम घेत होती. "अगेन, बाबा. स्माइल. आय ॲम अ परफेक्शनिस्ट." भाऊ लॅपटॉपच्या बंद पडद्याकडे बघून हसून म्हणाले, "आय ॲम अ परफेक्शनिस्ट." पुन्हा म्हणाले. तिसऱ्या वेळी छान जमलं. वहिनी कणीक मळत होत्या, त्या तशाच हाताने उठून वर निघून गेल्या.

शेवटच्या इंटरव्ह्यूत ते खरंच खोटं बोलले. पहिली फेरी पार, दुसरी पार. मग कळलं की त्या कंपनीने भरतीच थांबवली. म्हणजे तेही फुकट गेलं. खरं बोलून नोकरी गेली याचं मला वाईट वाटतं, पण त्या माणसाला खोटं बोलायला लावलं आणि तेही कामी आलं नाही, याची मला जास्त चीड येते. कोणाची चीड, ते विचारू नका.

आता ते अमरावतीत आहेत. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतात. गार्गीला विद्यार्थी व्हिसावर इथे ठेवायचं तर परदेशी मुलांची फी, ते जमण्यातलं नव्हतं. तिने तिकडे पुन्हा पहिल्या वर्षाला नाव घातलं, शिक्षकांचं भरभर मराठी तिला समजत नाही असं कळलं. दिवाळीला मी मेसेज करते. गेल्या वर्षी विचारलं, पुस्तक कुठवर आलं? उत्तर आलं, "मॅजिस्ट्रेट अजून कोर्टातच बसून आहे. उठतच नाही." या वर्षी विचारलं नाही.

एअरपोर्टचं सांगायचं राहिलंय. टाळत होते.

त्यांना मीच सोडायला गेले होते, आमच्या मोठ्या गाडीतून. काउंटरवर बॅगा वजनात बसेनात. भाऊंनी बॅग उघडून मुकाट्याने आपल्या वह्या बाहेर काढायला सुरुवात केली. वहिनींनी त्या त्यांच्या हातातून घेतल्या, परत आत ठेवल्या आणि आपल्या साड्यांचं गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, कोणाला तरी देऊन टाका. गार्गी कानात इअरफोन घालून पलीकडे उभी होती, तोंड फिरवून.

बॅगा गेल्या आणि मला राहवेना. तिथेच, ट्रॉलीला धरून, मी सगळं सांगून टाकलं. यादी मार्कांवरून लागली, मी तीन दिले, मला त्या मुंबईच्या लीडने सांगितलं होतं, मी "पुन्हा लिहा" दाबू शकत होते. वडिलांचं सांगितलं, मराठीच्या पेपराचं सांगितलं. रडत होतेच.

भाऊ म्हणाले, "रडू नका हो. मी तीनचाच होतो. मी खरं लिहिलं, तुम्ही खरं मानलं. याच्यात कोणाचा गुन्हा आहे? राहू द्या."

माझ्यावरचं ओझं उतरलं. हो, उतरलं, इतकी निर्लज्ज मी. डोळे पुसले, वहिनींकडे वळले, त्यांना मिठी मारायला हात पुढे केले.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी सरळ प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि तुमच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये किती लिहिले होते जी तुम्ही?"

भाऊ म्हणाले, "अगं, जाऊ दे ना."

"नाही. सांगू द्या त्यांना."

सिक्युरिटीची रांग पुढे सरकत होती. गार्गीने कानातले इअरफोन काढले आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाच," मी म्हटलं.

वहिनींनी मान हलवली. मग लेकीचा हात धरला आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. भाऊ मात्र अजून माझ्याजवळच उभे होते. ते काहीतरी म्हणतील म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी खिशातून पासपोर्ट काढला, बायकोच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि आत जाईपर्यंत तिघांपैकी कोणीही वळून पाहिलं नाही.